केशरोपण : करावें कीं करूं नये?



तुळशीचें लग्न लागलें, म्हणजे खानदेशांतील घराघरांतून एक नेहमींची धांदल सुरू होते. उपवर मुलामुलींचीं परिचयपत्रकें लिहिलीं जातात, छायाचित्रें काढलीं जातात, आणि जळगांवाहून धुळ्यास, धुळ्याहून चोपड्यास, भुसावळाहून अमळनेरास अशीं माणसें हेलपाटे घालूं लागतात. अशाच एका घरांत, जळगांवीं, सव्वीस वर्षांचा एक तरुण आरशापुढें उभा आहे, असें क्षणभर मनांत आणावें. बँकेत नोकरी आहे, प्रकृति निकोप आहे, घरचीं माणसें समंजस आहेत. परंतु कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची सीमा मागें सरकली आहे, आणि टाळूवर दिव्याच्या उजेडांत कातडी चमकूं लागली आहे. छायाचित्र काढतांना तो मान किंचित् वर धरतो. न्हाणीघराच्या जाळींत अडकलेले केस कोणाच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून तो ते स्वतःच्या हातानें उचलून टाकतो. असा तरुण जळगांवांत एकच आहे असें नाहीं. प्रत्येक आळींत एखादा तरी सांपडेल. म्हणूनच त्याची गोष्ट ही केवळ त्याची राहत नाहीं.

त्या घरांत या विषयावर दोन पक्ष पडले आहेत. आई म्हणते, "अरे, हल्लीं केस लावून देतात म्हणे. लग्नाचा मुहूर्त निघायच्या आंत एकदां तें करून घे." वडील, ज्यांना घरांत सर्वजण नाना म्हणतात, ते वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां उत्तर देतात, "डोक्यावर लाख रुपये घालण्यापेक्षां अंगावर घालायला सोनें घ्या. जळगांवांत राहून एवढेंहि कळूं नये काय?" मुलगा दोघांनाहि कांहीं बोलत नाहीं. त्याच्या हातांतील फोनवर मात्र जाहिरातींचा पाऊस पडत आहे : एका बाजूस टकलाचें चित्र, दुसऱ्या बाजूस दाट केसांचें, आणि खालीं हप्त्यांनीं पैसे भरण्याची सोय. अशा वेळीं त्यानें काय करावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न हंसण्यावारी नेणें सोपें आहे, आणि समाज तो बहुधा हंसण्यावारीच नेतो. परंतु ज्या गोष्टीस समाजानेंच शतकानुशतकें अर्थ चिकटविला, ती नाहींशी झाली असतां मनुष्यास वाईट वाटलें, तर त्यास दुबळेपणा म्हणतां येणार नाहीं. आपल्याकडे बालकाचें जावळ काढण्याचा संस्कार आहे. वडील वारले म्हणजे मुलगा मुंडन करतो. आणि एके काळीं पति निवर्तल्यावर स्त्रीचे केस तिच्या इच्छेविरुद्ध उतरविले जात. या शेवटच्या रूढीविरुद्ध १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं संप पुकारला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे त्या चळवळीच्या अग्रभागीं होते. केस हे नुसते केसच असते, तर त्यांच्यापायीं एवढें दुःख झालें नसतें आणि संपहि झाला नसता.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. टक्कल कांहीं आजच पडूं लागलेलें नाहीं. आजोबा-पणजोबांनाहि तें पडत असे. परंतु त्यांच्या डोक्यावर पागोटें, रुमाल, फेटा किंवा टोपी असे, आणि उघड्या डोक्यानें चारचौघांत जाणें हेंच मुळीं अशिष्ट समजलें जाई. १९३६ च्या डिसेंबरांत त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यांतील फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन. अध्यक्षस्थानीं ४७ वर्षांचे पंडित जवाहरलाल नेहरू होते. त्यांच्या टोपीखालीं केस फारसे उरलेले नव्हते. आणि महात्मा गांधींच्या डोक्यावर तर टोपीहि नव्हती व केसहि नव्हते. पांढऱ्या टोप्यांच्या त्या सागरांत कोणाचे केस विरळ आणि कोणाचे दाट, याची चौकशी कोण करणार? पुढें टोपी खुंटीवर गेली, मग भिंतीवरची खुंटीहि गेली, आणि जें झांकलेलें होतें तें उघडें पडलें. आजच्या तरुणाच्या दुःखांत केस गेल्याचें दुःख जितकें आहे, तितकेंच टोपी गेल्याचेंहि आहे. त्यांत प्रत्येक समारंभाचें छायाचित्र आणि प्रत्येक छायाचित्रावर दहाजणांचा अभिप्राय, यांची नवी भर पडली आहे. नोव्हेंबर २०१९ या एकाच महिन्यांत टकलाच्या दुःखावर 'उजडा चमन' आणि 'बाला' असे दोन हिंदी चित्रपट पडद्यावर आले. यावरून हें दुःख किती जणांच्या घरचें आहे, याची कल्पना येते.

आतां केस मुळांत जातात कां, हें पाहिलें पाहिजे. निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात. प्रत्येक केस कांहीं वर्षें वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळून पडतो. त्याच मुळांतून पुन्हां नवा केस येतो. म्हणून दररोज ५० ते १०० केस गळणें ही कांहीं रोगाची खूण नव्हे. पुरुषांच्या नेहमींच्या टकलांत मात्र हें चक्र हळूहळू बिघडतें. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दाखविलें कीं, तारुण्यापूर्वीं ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांस हें टक्कल पडत नाहीं. परंतु त्यांस पुरुषी संप्रेरक बाहेरून दिलें असतां, ज्यांच्या वंशांत टक्कल आहे त्यांस तें पडूं लागतें. पुढील संशोधनानें हेंहि स्पष्ट झालें कीं, टेस्टोस्टेरॉनपासून शरीरांत तयार होणारें डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हें द्रव्य कपाळावरच्या व टाळूवरच्या केसांचीं मुळें दर फेरीस बारीक करीत जातें. जाड केसाच्या जागीं बारीक केस येतो, बारकाच्या जागीं लव, आणि शेवटीं तीहि येत नाहीं. मानेवरच्या व कानांमागच्या केसांवर या द्रव्याचा प्रभाव फारसा पडत नाहीं. म्हणूनच पुष्कळ वृद्धांच्या डोक्यास मागून केसांची झालर राहिलेली दिसते. हा वारसा केवळ आईच्या माहेरचा असतो, ही समजूत खरी नाहीं. तो दोन्ही घराण्यांकडून येऊं शकतो.

पण प्रत्येक गळणारा केस वंशाच्याच खात्यावर मांडणें चुकीचें होईल. विषमज्वर, डेंग्यू किंवा कोविड यांसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनीं केस झपाट्यानें गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. रक्तांतील लोह कमी होणें, गलग्रंथीचा विकार, बाळंतपण, अति कडक उपास, यांनींहि केस जातात. जळगांव जिल्ह्याच्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यांत, शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड आदि गांवीं जानेवारी २०२५ मध्यें जो प्रकार घडला, तो अनेकांच्या स्मरणांत असेल. तेथें स्त्री-पुरुष, लहान-थोर यांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत हातांत येऊं लागले. प्रथम शंका पाण्यावर गेली. विंचूदंशावरील उपचारासाठीं प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तेथें जाऊन तपासणी केली आणि रेशनच्या गव्हांतून पोटांत गेलेलें सेलेनियम हें द्रव्य याच्या मुळाशीं असल्याचा निष्कर्ष मांडला. पुढें अनेकांचे केस पुन्हां उगवूं लागले. त्या गांवकऱ्यांपैकीं एखादा घाबरून केशरोपणाच्या दारीं गेला असता, तर जे केस आपोआप परत येणार होते, त्यांच्यासाठीं त्यानें शस्त्र लावून घेतलें असतें. यांतून पहिला नियम निघतो तो असा : आधीं निदान, मग उपाय.

जळगांवच्या त्या तरुणानें सुदैवानें हाच मार्ग धरला. मात्र त्याच्या आधीं तो आपल्या मामांस भेटावयास गेला. जळगांव ते धुळें हा सुमारें ९० किलोमीटरांचा रस्ता. पाळधी, एरंडोल, पारोळें हीं गांवें मागें टाकीत एस. टी. धुळ्यास पोंचली, तों दिवेलागण झाली होती. मामांचें डोकें तिसाव्या वर्षींच मोकळें झालेलें. भाच्याची अडचण ऐकून त्यांनीं अहिराणींत नेहमींचा विनोद केला, "डोकावरना केस गयात, मझारनी अक्कल त गयी नही ना!" सारें घर हंसलें. भाचाहि हंसला, पण जेवतांना तो गप्पच राहिला.

रात्रीं गच्चीवर मामा आपण होऊन बोलूं लागले. "भाऊ, मीं मघाशीं थट्टा केली. खरें सांगूं? तुझ्या वयाचा असतांना मीं दोन वर्षें एकाहि मित्राच्या लग्नाला गेलों नाहीं. वैशाखांत धुळ्याचें ऊन कसें असतें तुला ठाऊक आहे. पण मीं घरांतसुद्धां टोपी काढीत नसें. शेवटीं तुझ्या मामीनें एके दिवशीं ती टोपी धुवायला म्हणून घेतली, ती परत दिलीच नाहीं."

"मग मामा, तुमच्या वेळीं ही सोय असती तर तुम्ही करून घेतली असती?"

मामांनीं थोडा विचार केला. "केली असती. पण तेव्हां मीं कांहींहि केलें असतें, आणि तेंच वाईट. अशा घाईंत असलेल्या माणसाला कोणीहि कांहींहि विकून जातो."

दुसऱ्या दिवशीं तरुण तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत त्वचारोगाच्या विभागांत गेला. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे यांच्या नांवाचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जळगांवासहि २०१८ पासून असें महाविद्यालय सुरू झालें आहे. तेव्हां निदानासाठीं खानदेशच्या माणसास मुंबई-पुणें गांठण्याची गरज नाहीं. डॉक्टरांनीं ताप, औषधें, आहार व घराणें यांविषयीं विचारलें, भिंगाच्या यंत्रानें टाळू व मानेवरची त्वचा पाहिली, रक्ताच्या कांहीं तपासण्या सांगितल्या. निदान झालें : वंशपरंपरेचें टक्कल, अजून मध्यम पायरीवर. या टकलाच्या पायऱ्या हॅमिल्टन व पुढें १९७५ सालीं नॉरवुड यांनीं ठरविल्या असून त्या सात मानल्या जातात. पुढें काय होईल, हें त्या पायऱ्यांवरून डॉक्टर अजमावतो.

केशरोपणाची कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. जपानांतील डॉ. शोजी ओकुदा यांनीं १९३९ सालींच केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे हलविण्याची रीत प्रसिद्ध केली होती. परंतु महायुद्धाच्या धुमाळींत ती पाश्चात्य जगास कळली नाहीं. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनीं १९५९ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, हलविलेला केस आपल्या मूळ जागेचा स्वभाव सोडत नाहीं. मानेवरचा टिकाऊ केस टाळूवर लावला, तरी तो टिकाऊच राहतो. या एका सत्यावर सारी केशरोपणाची विद्या उभी आहे. आज तिच्या दोन रीति प्रचारांत आहेत. एकींत मानेवरच्या त्वचेची एक पट्टी कापून, भिंगाखालीं तिच्यांतून केसांचे झुबके सुटे करतात; तेथें टांक्यांची एक बारीक रेघ राहते. दुसरींत एकेक झुबका सूक्ष्म नळीनें टिपून काढतात. तेथें रेघेऐवजीं बारीक ठिपके राहतात. प्रत्येक झुबक्यांत एक ते चार केस असतात. अशा झुबक्यास ग्राफ्ट म्हणतात आणि शुल्काची आकारणी बहुधा ग्राफ्टच्या संख्येवर होते.

आतां यांतील मर्म खानदेशच्या शेतकऱ्यास जितकें लौकर कळेल, तितकें दुसऱ्या कोणास क्वचितच कळेल. पूर्वीं जळगांवचा बागाईतदार केळीचे मुनवे काढून नव्या जागीं लावीत असे. आतां ऊतिसंवर्धनाचीं रोपें आलीं, आणि एका उत्तम झाडापासून हजारों रोपें प्रयोगशाळेंत तयार होऊं लागलीं. केशरोपण हें मुनव्यांच्या लागवडीसारखें आहे, ऊतिसंवर्धनासारखें नाहीं. आणि त्यांतहि येथील मुनवा काढल्यावर त्या जागीं दुसरा फुटत नाहीं. एका केसापासून हजार केस करण्याची विद्या अजून उपचारांत आलेली नाहीं. जाहिरातींत 'नवे केस' असे शब्द असतात. परंतु डोक्यावरच्या केसांची एकूण संख्या केशरोपणानें एकानेंहि वाढत नाहीं. केस केवळ मागून पुढें येतात.

थोडें अंकगणित करून पाहावें. एखाद्याच्या डोक्यावरचे निम्मे केस, म्हणजे सुमारें ५० हजार, गेले आहेत. त्यानें २,५०० ग्राफ्ट लावून घेतले आणि प्रत्येकांत सरासरी दोन केस धरले, तर ५ हजार केस झाले. गेलेल्यांच्या एकदशांशानें तारुण्यांतील दाटपणा परत कसा येईल? येतो तो दाटपणाचा आभास. कुशल हात ते ५ हजार केस अशा ठिकाणीं व अशा दिशेनें लावतो कीं, चेहऱ्यास पुन्हां चौकट मिळते. आणि पुष्कळांना तेवढें पुरतेंहि. परंतु ज्याच्या मनांत सोळाव्या वर्षींचें छायाचित्र आहे, त्याच्या पदरीं उत्तम शस्त्रक्रियेनंतरहि निराशाच येईल. शिवाय मानेवरची शिल्लक मर्यादित असते. ती आजच सारी खर्चून टाकली, तर चाळिशींत जें उघडें पडेल, तें झांकण्यास कांहीं उरत नाहीं.

सव्वीस वर्षांच्या तरुणानें येथेंच थबकावें. त्याचें टक्कल अजून वाटचाल करीत आहे. आज कपाळावर लावलेले केस टिकतील. पण त्यांच्या मागचे, मूळचे केस जात राहतील, आणि कांहीं वर्षांनीं पुढें केसांचें बेट व मागें मोकळें मैदान, असा चमत्कारिक देखावा तयार होईल. तो टाळण्यासाठीं बहुतेकांस औषधें चालूच ठेवावीं लागतात. मिनॉक्सिडिल हें मूळचें रक्तदाबावरचें औषध. त्यानें अंगावर केस वाढतात असें दिसल्यावर तें टाळूस लावण्याच्या रूपांत आलें, आणि १९८८ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीस पुरुषांच्या टकलासाठीं १९९७ सालीं तेथेंच मान्यता मिळाली. दोन्ही औषधें केस राखतात, कांहींचे थोडे परतहि आणतात. पण बंद केलीं म्हणजे कांहीं महिन्यांत मिळालेला गुण निघून जातो. दुसऱ्या औषधानें थोड्या पुरुषांत कामेच्छा मंद होते, क्वचित् मनहि उदास होतें. आणि गरोदर स्त्रीनें त्याच्या फुटक्या गोळीस हातसुद्धां लावूं नये असा इशारा आहे. तेव्हां हीं औषधें शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याचीं नव्हेत.

काळाचाहि हिशेब आहे, आणि लग्नाच्या घाईंत तो बहुधा विसरला जातो. लावलेले केस पहिल्या कांहीं आठवड्यांत गळून पडतात. मुळें तेवढीं आंत राहतात. तीन-चार महिन्यांनीं नवे अंकुर दिसूं लागतात, आणि खरा परिणाम दिसण्यास नऊ महिने ते वर्षभर, कधीं त्याहूनहि अधिक काळ लागतो. माघांत शस्त्रक्रिया करून वैशाखांत दाट केसांनीं बोहल्यावर चढूं, असें जो म्हणेल, तो बोहल्यावर पूर्वींपेक्षांहि विरळ केसांनीं उभा राहण्याचा संभव आहे.

धोक्याविषयीं बोलतांना अतिशयोक्ति नको आणि लपवाछपवीहि नको. जागेपुरती भूल देऊन होणारी ही शस्त्रक्रिया शिकलेल्या हातीं बहुधा निर्धोक पार पडते. तरीहि ती शस्त्रक्रिया आहे. २०१६ सालीं चेन्नईंत वैद्यकाच्याच एका विद्यार्थ्याचा तिच्यानंतर मृत्यु झाला. मार्च २०१९ मध्यें मुंबईंत एका ४३ वर्षांच्या व्यापाऱ्यास, अनेक तास चाललेल्या केशरोपणानंतर चेहऱ्यावर सूज व श्वासास त्रास होऊन प्राणांस मुकावें लागलें. २०२५ सालीं कानपुरांतील दोन अभियंत्यांच्या मृत्यूचीं प्रकरणें उघडकीस आलीं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें सप्टेंबर २०२२ मध्यें यासंबंधीं मार्गदर्शक नियम काढले. केशरोपण ही तांतडीची शस्त्रक्रिया नव्हे, केवळ कार्यशाळेंत बसून किंवा चित्रफिती पाहून तिचें शिक्षण पुरें होत नाहीं, आणि ती रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेंच करावी, असा त्यांचा आशय आहे. म्हणून जाणाऱ्यानें सरळ विचारावें : कापणारे व लावणारे हात कोणाचे? डॉक्टर संपूर्ण वेळ हजर राहणार काय? भूलीचें औषध अंगावर उलटलें, तर प्राण वांचविण्याची सामग्री व माणसें तेथें आहेत काय? आणि पांच वर्षांनीं आणखी केस गेले, तर पुढची योजना काय? या प्रश्नांनीं ज्यास राग येईल, त्याच्या खुर्चींत बसूं नये.

पैशाच्या बाबतींत नानांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. आरोग्यविमा असल्या सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाहीं. २०१७ च्या वस्तु व सेवा करांतहि वैद्यकीय सेवेस जी माफी आहे, तिच्यांतून केशरोपण वगळलें आहे. जन्मजात व्यंग किंवा अपघात यांमुळें तें करावें लागलें, तरच माफी. सरकारनें हा जो भेद केला, तो घरांतहि उपयोगी पडण्यासारखा आहे. भाजल्यामुळें किंवा जखमेमुळें ज्याच्या डोक्यावर वण राहिला, त्याचें केशरोपण आणि लग्नाच्या छायाचित्रासाठीं केलेलें केशरोपण, हीं एका तागडींत घालतां येत नाहींत. मात्र दुसऱ्यास मूर्खपणा म्हणण्याचाहि अधिकार कोणास पोंचत नाहीं. पस्तिशी-चाळिशीचा, टक्कल स्थिरावलेला, मानेवर भरपूर शिल्लक असलेला, कर्ज न काढतां खर्च करूं शकणारा आणि मर्यादा समजून घेतलेला मनुष्य केशरोपण करून घेईल, तर तो बहुधा समाधानीच होईल.

स्त्रियांविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे, कारण घरांत पुरुषाच्या टकलाची थट्टा होते, पण बाईच्या रुंदावत्या भांगाची साधी चौकशीहि होत नाहीं. स्त्रियांचे केस बहुधा साऱ्या डोक्यावर विरळ होतात, मानेवरचेहि त्यांत येतात. म्हणून त्यांच्यापैकीं अनेकींस केशरोपण लागू पडत नाहीं. परंतु रक्तांतील लोह व गलग्रंथि यांची तपासणी करून पुष्कळींना साध्या उपायांनीं गुण येतो. त्या तरुणाच्या आईनें गेलीं पांच वर्षें आपला भांग एका बाजूस वळविला होता. डॉक्टरांनीं घराण्याविषयीं विचारलें, तेव्हां त्या मुलास तें प्रथम आठवलें. घरीं परतल्यावर त्यानें आधीं आईची रक्ततपासणी करविली. लोह फार कमी निघालें.

त्यानें स्वतःसाठीं काय ठरविलें? डॉक्टरांच्या सल्ल्यानें एक वर्षभर औषध घ्यावयाचें, दर तीन महिन्यांनीं त्याच जागीं, त्याच उजेडांत छायाचित्र काढावयाचें, आणि वर्षाअखेर टक्कल थांबलें कीं चाललें आहे हें पाहून मग केशरोपणाचा विचार करावयाचा. परिचयपत्रकांतील मान वर धरलेलें छायाचित्रहि त्यानें काढून घेतलें आणि टाळू दिसेल असें साधें छायाचित्र लावलें. आई नाराज झाली. नाना मात्र वर्तमानपत्र खालीं ठेवून त्या छायाचित्राकडे बराच वेळ पाहत राहिले.

पौषानंतर धुळ्यास देवपुरांत मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलगी औषधांच्या दुकानांत फार्मासिस्ट होती. दोघांस बोलावयास थोडा वेळ मिळाला, तेव्हां तरुणानें आधीं तीच गोष्ट काढली. "माझे केस जात आहेत. औषध चालू आहे. पण राहतीलच असें नाहीं. हें आधीं सांगितलेलें बरें."

ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "औषध मध्येंच सोडलें तर आलेला गुण जातो, हें डॉक्टरांनीं तुम्हांला सांगितलें आहे ना? आमच्याकडे येणारे पुष्कळ जण तीन महिन्यांत सोडतात."

इतके दिवस या विषयावर त्यानें थट्टा ऐकली होती, हळहळ ऐकली होती आणि जाहिराती वाचल्या होत्या. एवढा साधा, कामाचा प्रश्न डॉक्टरांवांचून दुसऱ्या कोणीं त्याला विचारलेला नव्हता. तो मोकळेपणानें हंसला.

रात्रीं जळगांवीं परतल्यावर आईनें दारांतच विचारलें, "काय रे, काय ठरलें?"

"लग्नाचें ठरलें," तो म्हणाला, "केसांचें पुढच्या दिवाळीनंतर पाहूं."